मिनिटाला एक बादली

सकाळचा चहा व्हायच्या आधीच थोरलीचं आणि तिच्या धाकट्या दिराचं वाजलं. आणि तेही एका भेगेवरून.

विहिरीचं काम सुरू होऊन आठवडा झाला होता. उन्हाळा असा तापला होता की शेतातलं ढेकूळ हातात धरवत नव्हतं. विहिरीच्या तळाला गुडघाभर गाळ उरला, तेव्हा दोघा भावांनी पाथरवटाला बोलावून ती आणखी खोल न्यायची ठरवली. शेत एक, विहीर एक, चूलही अजून एकच. काल संध्याकाळी भांडी घासून थोरली विहिरीवर गेली होती. मधल्या टप्प्यापर्यंत पायऱ्या होत्या. तिथं उभं राहून तिनं हाताशी येणाऱ्या मुरमातली भेग पाहिली. बोट घालून पाहिलं. आज उजाडताच पुन्हा जाऊन पाहिलं.

"काल त्या भेगेत माझं एक बोट जात होतं, भावजी. आज दोन जातात," ती म्हणाली. "आधी टेकू लावा, मग उतरा."

धाकटा पायात बूट घालत होता. मान वर न करता म्हणाला, "मुरूम उन्हानं तडकतोच, वहिनी. टेकू लावायचा तर दिवस गेला. पाथरवट परवापासून दुसऱ्या कामावर जाणार."

"गेला तर जाऊ दे दिवस."

"तुम्ही घरात पेंढ्या मोजा, कोंबड्या मोजा. विहीर आमच्यावर सोडा."

थोरल्याला हसू आलं. "तू मोजायला लागलीस की काम थांबतं बघ," तो बायकोला म्हणाला आणि पहार खांद्यावर टाकून भावाच्या मागं निघाला.

थोरलीनं चुलीत लाकूड सारलं. तिला सवय होती. गावात तिला मागून मोजणीबाई म्हणत, हे तिला ठाऊक होतं. नववीपर्यंत शिकली होती, पुढं लग्न झालं, पण आकडे काही डोक्यातून गेले नाहीत. घरापासून विहिरीपर्यंत किती पावलं, पेंढीत कडब्याची किती ताटं, सगळं तिच्या मनात आपोआप मोजलं जायचं. त्यात शहाणपणा मिरवायचा हेतू नव्हता. एखाद्याला गुणगुणायची सवय असते, तशी तिला ही होती. विहिरीच्या काठावर गुरांसाठी सिमेंटचा हौद होता. इंजिन बिघडलं की तो हौद तीच हातानं शेंदून भरायची. दोनशे बादल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

पावणेदहाच्या सुमाराला ती गोठ्यात शेण गोळा करत होती. जमीन पायाखाली थोडी हलल्यासारखी झाली आणि मग विहिरीकडून असा आवाज आला, जसा दगडांनी भरलेला ट्रक कुणीतरी उलटा केला. हातातली पाटी टाकून ती धावली. तिच्या मागून धाकटी, तिची जाऊ, अनवाणी.

विहिरीतून लाल धूळ वर येत होती. थोरला काठावर ओणवा होऊन भावाला हाका मारत होता. धूळ बसली तेव्हा दिसलं. भेगेपासून खालचा मुरूम सगळा उतरला होता, आणि त्याच्याबरोबर वरचा एक काळा दगड, दाराच्या फळीएवढा. धाकटा भिंतीला पाठ लावून उभा होता. डावा पाय गुडघ्यापासून खाली दगडाखाली. पाथरवट बाजूला होता, त्याला फक्त खरचटलं होतं.

"जिता आहे," पाथरवटानं खालून सांगितलं. "पण पाणी फुटलंय."

ज्या झऱ्यासाठी आठवडाभर घाम गाळला होता, तो त्या हादऱ्यानं फुटला होता. तळातल्या खडकातून पाणी उसळत होतं. बारीक नव्हे, मांडीएवढ्या जाड धारेनं.

गाळ उपसायला आणलेलं डिझेलचं इंजिन काठावरच होतं. मिस्त्री शेजारच्याच मळ्यात होता, त्यानं येऊन चाक फिरवलं. इंजिन धडधडलं, पाइपातून गढूळ पाणी हौदात पडायला लागलं. तोवर अर्धं गाव गोळा झालं. कुणी दोर आणला, कुणी शिडी, आणि बरेच जण नुसते सल्ले घेऊन आले. दोघे-तिघे पहारी घेऊन खाली उतरले, पण दगडाला पहार लावली की वरून मुरमाची ढेकळं सुटायला लागली. पाथरवटानं सगळ्यांना वर पाठवलं.

"हा दगड वरूनच उचलायला पाहिजे, सरळ," तो म्हणाला. "बाजूनं हलवलात तर राहिलेली भिंत आम्हा दोघांवर येईल."

दगडखाणीवर क्रेन होती. फोन लावला. क्रेन दुसऱ्या कामावर लांब गेली होती. निघाली तरी एक वाजेल म्हणाले. शहरातल्या बंबवाल्यांना त्याहून उशीर लागणार होता. वीज संध्याकाळशिवाय येणार नव्हती, म्हणजे शेजारची मोटर असून नसल्यासारखी. दुसरं इंजिन नदीपलीकडच्या मळ्यात, उतरवून आणून बसवायचं म्हटलं तर तोवर क्रेनच यायची.

थोरली टप्प्यावर जाऊन बसली होती. तिथून दिराचा चेहरा दहा-बारा हातांवर दिसत होता, मातीनं माखलेला, ओठ पांढरे पडलेले. तिला काहीतरी करायला हवं होतं आणि करण्यासारखं काही दिसत नव्हतं. मग तिनं जे येतं ते केलं. शिडीचा एक बांबू सोडवून घेतला, त्यावर स्वतःच्या वितीनं विळ्यानं खुणा केल्या आणि तो पाथरवटाच्या हाती देऊन तळाशी उभा रोवायला लावला. धाकट्याच्या तळपायापासून हनुवटीपर्यंत सहा विती भरल्या.

तेवढ्यात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. नळीत हवा शिरली होती. मिस्त्री घामाघूम होऊन नळी सोडवत, फुंकत बसला. वर बायकांचा गलका झाला. थोरलीची नजर बांबूवर होती आणि मनगटावरच्या घड्याळावर. इंजिन पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात पाणी अख्खी वीत चढलं.

इंजिन चालू झालं तसं पाणी हळू झालं. पण थांबलं नाही. पाव तासात अर्धी वीत. साडेदहा वाजता ते बरोबर दुसऱ्या खुणेवर होतं.

वर थोरल्यानं ट्रॅक्टर विहिरीच्या तोंडाशी आणून लावला होता. मागच्या हुकाला जाड दोर बांधला होता. धाकटी त्याच्या शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती.

"काय करताय?" थोरलीनं वर येत विचारलं.

"काखेतून दोर बांधायचा आणि ओढायचा," थोरला म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "दुसरं काय? पाणी गळ्याला लागेपर्यंत बघत बसू?"

"पाय राहील का त्याचा?"

"पाय जाईल," धाकटी म्हणाली. "गेला तर गेला. माणूस राहू दे मला."

"नुसता पाय जाणार नाही," पाथरवटानं खालून तोंड वर करून सांगितलं. "मांडीपासून फाटेल. रक्त थांबवायला इथं कोण आहे?"

ट्रॅक्टरचं इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. थोरलीच्या डोक्यात मात्र आकडे गोळा होत होते. तिला स्वतःचीच चीड आली. माणूस खाली मरतोय आणि मला बेरजा सुचतात, असं तिला वाटलं. पण बेरीज थांबेना.

"दोन तास आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"इंजिन चालू असलं की अर्ध्या तासाला एक वीत चढतं. पाणी दुसऱ्या वितीवर आहे. हनुवटी सहावर. चार विती राहिल्या. म्हणजे दोन तास. साडेबारा."

"आणि क्रेन एक वाजता," थोरला ओरडला. "अर्धा तास आधी बुडेल तो. हेच सांगायला आलीस?"

"अर्धा तासच कमी पडतोय, तेवढं ऐका. अर्धा तास म्हणजे एक वीत पाणी. तेवढं आपण काढलं तर झालं."

"कशानं काढणार?"

"बादलीनं."

गर्दीतून कुणीतरी हसलं. हसणाऱ्याचा काही दोष नव्हता. मांडीएवढी धार वाहत असताना बादलीनं विहीर उपसायची गोष्ट ऐकून कुणालाही हसू आलं असतं. धाकटी मात्र हसली नाही, ती थोरलीच्या अंगावर धावून आली. दंड धरून गदागदा हलवलं.

"तुमचा मोजायचा खेळ आत्ता करू नका, ताई. पाया पडते तुमच्या. तो माझा नवरा आहे."

थोरलीनं दंड सोडवून घेतला नाही. तशीच बोलत राहिली, कारण थांबली असती तर तिला पुन्हा सुरुवात करता आली नसती.

"हौद दोनशे बादल्यांचा आहे. मी भरलाय हातानं. इंजिन तो वीस मिनिटांत भरतं. म्हणजे मिनिटाला दहा बादल्या. अर्ध्या तासात तीनशे. आता बघ, इंजिन बंद होतं तेव्हा दहा मिनिटांत एक वीत चढली. अर्ध्या तासात तीन चढल्या असत्या. इंजिन चालू असताना एकच चढते. म्हणजे दोन विती इंजिन उपसतं. दोन विती म्हणजे तीनशे बादल्या. एक वीत म्हणजे दीडशे."

धाकटीची पकड सैल झाली होती.

"दीडशे बादल्या काढायच्यात. क्रेन यायला अडीच तास, म्हणजे दीडशे मिनिटं. मिनिटाला एक बादली. त्या झऱ्याला हरवायचं नाही गं आपल्याला. तो वाहू दे. त्याच्याकडून फक्त अर्धा तास काढून घ्यायचा."

गर्दीत गावच्या शाळेचे म्हातारे मास्तर होते. त्यांनी जमिनीवर काठीनं काहीतरी लिहिलं, पायानं पुसलं, पुन्हा लिहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "पण बाई, पुस्तकातला नळ एकसारखा वाहतो. हा झरा तसाच वाहील कशावरून? तोंड मोठं झालं तर?"

तिला हीच भीती होती. कुणी बोलून दाखवली नसती तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं.

"होऊ शकेल, मास्तर. म्हणून दर पाव तासाला मी बांबू बघणार. इंजिन चालू असूनही अर्ध्या वितीपेक्षा जास्त चढलं तर मीच सांगेन, ओढा. आणि शेवटी पाणी ओठाला लागलं की ओढा. तोवर मात्र दोराला हात लावू नका."

ती टप्प्यावर उतरली. दिरानं सगळं ऐकलं होतं. पाण्यानं त्याचा गुडघा झाकला होता, दात वाजत होते.

"भावजी, पाय तुमचा आहे. तुम्ही सांगा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. सकाळी न वर केलेली मान आता वर होती. "चुकत नाही ना तुम्ही?" त्यानं विचारलं.

"आतापर्यंत तरी चुकले नाही. पुढचं सांगता येत नाही."

"मग लावा बादली," तो म्हणाला.

एक कप्पी होती, एक दोर होता. चार जण ओढायला उभे राहिले. खाली पाथरवट बादली बुडवून द्यायचा, वरचे खेचायचे, काठावर धाकटी बादली पालथी करायची. पहिली दहा मिनिटं सगळ्यांना जोर आला. मिनिटाला दीड बादली निघाली. मग हात भरून आले. माणसं बदलली. मघाशी हसलेला माणूसही रांगेत येऊन उभा राहिला आणि सगळ्यांत आधी त्याच्याच तळहाताची साल निघाली.

थोरली बांबूवर डोळे लावून मोजत होती. पाव तास झाला. अर्ध्या वितीला थोडं कमी. तिनं वर सांगितलं, तसा कुणीतरी सुस्कारा सोडला. पुढचा पाव तास. पुन्हा तेवढंच. झरा प्रामाणिक होता. पण तिच्या लक्षात एक गोष्ट आली. बादली वर जाताना भिंतीला धडकत होती, पाणी हिंदकळत होतं. काठावर पोचेपर्यंत ती भरलेली नसायची.

"किती येतंय गं वर?" तिनं जावेला विचारलं.

धाकटीनं बादलीत पाहिलं. "पाऊण."

"मग चार निघाल्या की तीन धरा," थोरली म्हणाली. वरच्यांचे चेहरे उतरले. एवढं ओढून चौथी फुकट जात होती. पण दोर जरा जोरानं हलायला लागला.

साडेअकराला सूर्य डोक्याच्या आसपास आला आणि ऊन सरळ विहिरीत उतरलं. धाकट्याच्या पोटापर्यंत पाणी होतं. वर घाम, खाली थंडी. पाथरवट त्याच्या काखेत हात घालून उभा होता आणि त्याला झोपू देत नव्हता. काहीबाही विचारत होता, कोणत्या बैलाची शिंगं कशी, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. तेवढ्यात इंजिन पुन्हा बंद पडलं.

ती शांतता सगळ्यांत वाईट होती. खाली फक्त झऱ्याचा आवाज. थोरला मिस्त्रीवर ओरडला. मिस्त्रीच्या हातातून पाना पडला.

"ओरडू नका त्यांच्यावर," थोरली खालून म्हणाली. नवऱ्याला ती असं चारचौघांत कधी बोलली नव्हती. "एक एक मिनिट म्हणजे दहा बादल्या जातायत. त्यांना काम करू द्या."

सहा मिनिटांनी इंजिन सुरू झालं. साठ बादल्या बुडाल्या होत्या. उरलेला वेळ दीड तासाहून कमी. मिनिटाला एक बादली आता पुरणार नव्हती. जवळजवळ दोन हव्या होत्या, त्याही भरलेल्या. तिनं आकडा सांगितला नाही. नुसतं म्हणाली, "दुप्पट करावं लागेल."

"एका दोरानं दुप्पट कसं होईल?" वरून कुणीतरी विचारलं.

धाकटी काठावर उकिडवी बसली होती. तिचे केस सुटले होते, हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. "दोराच्या दुसऱ्या टोकालाही बादली बांधा," ती म्हणाली. "एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाऊ दे. रिकामी बादली सोडण्यातच निम्मा वेळ जातोय."

थोरलीनं मान वर करून जावेकडे पाहिलं. हे तिला सुचलं नव्हतं.

दोन बादल्या झाल्या. आता मिनिटाला दोन निघायच्या, पाऊण पाऊण. ओढणारे आठ झाले. शेजारच्या मळ्यातून कुणीतरी दुसरी कप्पीही आणली, पण तिला घालायला मोकळा दोर नव्हता. पाथरवटानं मधेच श्वास रोखून बुडी मारली आणि तारेचा जाड फास दगडाखालून घालून ठेवला, क्रेन आली की वेळ जाऊ नये म्हणून. कुणीतरी म्हणालं, त्याच्या तोंडात नळी द्या, पाण्याखाली श्वास घेईल. पाथरवटानं धाकट्याच्या वाजणाऱ्या दातांकडे बोट दाखवलं. "हे तोंड नळी धरेल?"

साडेबारा वाजले. या वेळेला पाणी हनुवटीला लागायचं होतं. ते अजून अर्धी वीत खाली होतं. मास्तरांनी काठावरून विचारलं, तिनं सांगितलं, आणि ती खबर गर्दीतून अशी फिरली जशी कुणाच्या घरी मूल झाल्याची फिरते. पण थोरलीला माहीत होतं, अर्धी वीत पुरणार नव्हती. सहा मिनिटांचं इंजिन अजून भरून निघालं नव्हतं. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. टप्प्यावर दोन पावलांचीच जागा होती, तेवढ्यात तिच्या येरझाऱ्या चालल्या.

एकला दहा कमी असताना पाणी हनुवटीला लागलं. दिरानं डोकं मागं टेकवलं.

एक वाजता पाणी खालच्या ओठाला लागलं. क्रेन नव्हती.

"लागलं," थोरला वरून म्हणाला. त्यानं दर पाव तासाला विचारणं सोडून दिलं होतं, आता स्वतःच काठावर पालथा पडून बघत होता. "ओठाला लागलं. तूच म्हणाली होतीस. बांधा रे दोर."

दोर खाली आला. पाथरवटानं तो धरला, पण बांधला नाही. थोरलीकडे पाहिलं.

त्याच वेळी काठावरून कुणीतरी सांगितलं, रस्त्याला धूळ दिसतेय. फोन वाजला. पाच मिनिटं, क्रेनवाला म्हणाला.

पाच मिनिटं येण्याची. लावायला, साखळी सोडायला आणखी पाच. थोरलीनं दिराच्या ओठापासून नाकापर्यंत नजरेनं मोजलं. दोन बोटं. विती-वितीच्या हिशेबात तिनं ही दोन बोटं कधी धरलीच नव्हती. कुणालाही सांगितली नव्हती. आता जो वेग होता, त्यानं एक बोट चढायला साडेतीन मिनिटं लागायची. दोन बोटं म्हणजे सात मिनिटं. दहा नव्हे.

"अहो, दुसरी कप्पी लावा," ती म्हणाली. "दोर काढा तो ट्रॅक्टरचा आणि कप्पीला घाला."

"तू म्हणाली होतीस–"

"म्हणाले होते. आता हे म्हणते. दुसरी कप्पी लावली तर बारा मिनिटं मिळतात. लावा लवकर."

थोरला एवढ्या वर्षांत बायकोचं कधी लगेच ऐकणारा माणूस नव्हता. त्यानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. ती आधीच ट्रॅक्टरच्या हुकाची गाठ सोडायला गेली होती. गाठ ओढून ओढून आवळली होती, तिनं ती दातांनी सोडवली.

शिडीचा दांडा आडवा टाकून त्यावर शेजारच्या मळ्यातली कप्पी बसवली. चार बादल्या झाल्या. बायका, पुरुष, म्हातारे, ज्याचा हात दोराला पोचेल तो ओढत होता. पाणी वरच्या ओठाला लागलं आणि तिथं रेंगाळलं. धाकट्यानं तोंड मिटून घेतलं, नुसतं नाकानं श्वास घेत होता, डोळे आभाळाकडे. पाथरवटानं दोन्ही हातांनी त्याचं डोकं वर धरलं होतं. थोरली मोजत नव्हती असं नाही. मोजत होती. पण ओठ हलत नव्हते.

क्रेन आली ती शेताचा बांध फोडून, सरळ. साखळी खाली आली, पाथरवटानं ती फासात अडकवली आणि हात वर केला. दगड आधी हललाच नाही. मग पाण्याखाली काहीतरी करकरलं आणि तो सरळ, पाणी गाळत वर निघाला. पाथरवटानं धाकट्याला आपल्या अंगावर ओढून घेतलं. त्याच क्षणाला पाण्यावर एक लाल ढग पसरला, पण पाय होता. वाकडा, सुजलेला, पण होता.

जीपमधून त्याला नेलं. थोरला पुढं बसला, दोघी जावा मागं, त्याचं डोकं धाकटीच्या मांडीवर आणि पाय थोरलीच्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकडं होतं. संध्याकाळपर्यंत दोघी तिथं बसून होत्या. डॉक्टरनं सांगितलं, हाड दोन ठिकाणी मोडलंय, चालायला वेळ लागेल, लंगडेल थोडा. थोरला फाटकाशी गावातून आलेल्या माणसांत उभा होता. त्याचा आवाज इथपर्यंत येत होता. "मी म्हटलं, ट्रॅक्टर नको, क्रेन येऊ द्या," तो सांगत होता. थोरलीनं ऐकलं आणि हातावरचे फोड बघत राहिली. शेवटच्या दहा मिनिटांत तीही वर चढून दोराला लागली होती, ते तिला आत्ता आठवलं.

"ताई," धाकटी बऱ्याच वेळानं म्हणाली. "मी तुमच्या अंगावर धावून आले."

"आलीस."

"ओठाला लागलं की ओढा, असं तुम्हीच ठरवलं होतं. मग थांबवलंत का?"

"दोन बोटं उरली होती."

धाकटीनं तिच्याकडे वळून पाहिलं. "आणि क्रेन अजून पाव तास आली नसती तर?"

पाव तास म्हणजे पंधरा मिनिटं. बोटं दोन, मिनिटं बारा. थोरलीनं हे गणित जीपमध्येच केलं होतं, त्याचा थंडगार पाय मांडीवर घेऊन. येताना रस्ताभर तेच एक गणित ती पुन्हा पुन्हा करत होती, आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं.

"आली ना," ती म्हणाली.

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला उत्तर कळलं असावं. तिनं थोरलीचा हात हातात घेतला नाही. पण बाकावरून उठूनही गेली नाही.

आतून नर्सनं विचारलं, पेशंटच्या घरचं कोण आहे.

दोघी एकदमच उठल्या.